तांबडा रंग आणि ‘के. आर.’ एवढ्याने वाघीण खरी ठरत नाही

कोकणातल्या मॉडेल रेल्वेच्या हौशी मंडळींत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा, की मालगाडीच्या वाघिणीला, म्हणजे मालडब्याला, तांबूस रंग द्यावा, बाजूला ‘के. आर.’ (कोकण रेल्वे) उमटवावे, वरून जांभ्याची धूळ चोळावी, म्हणजे कोकण रेल्वेची हुबेहूब वाघीण तयार होते. बारीक आकडे कोणी वाचत नाही, असेही त्यात म्हटले आहे. रत्नागिरी-कुडाळकडची नवी मुले हे प्रमाण मानून चांगली मॉडेले रंगवू लागली आहेत, म्हणून त्यातला प्रत्येक दावा तपासणे मला आवश्यक वाटते.

प्रथम ‘के. आर.’विषयी. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि १९९८च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग खुला झाला. परंतु देशातल्या वाघिणी मोठ्या प्रमाणावर समाईक ताफ्यातून सर्वत्र फिरतात, त्यामुळे एकाच रेकमध्ये, म्हणजे एका गाडीला जोडलेल्या डब्यांच्या रांगेत, निरनिराळ्या क्षेत्रीय रेल्वेंची अक्षरे शेजारी-शेजारी दिसतात. अख्ख्या रेकवर ‘के. आर.’ छापणे हे या मार्गाचे चित्र नव्हे.

रंग बरोबर असला तरी तो कोणत्या डब्यावर चढवला आहे, हेही पाहावे लागते. ‘बॉक्सएन’ या उंच बाजूंच्या उघड्या वाघिणीच्या नावातला शेवटचा ‘एन’ एअर ब्रेक दर्शवतो आणि ही वाघीण कपलरसह (डबे जोडणाऱ्या आकड्यांसह) सुमारे १०.७ मीटर लांब असते, म्हणजे मॉडेलच्या १:८७ प्रमाणात साधारण १२३ मिलिमीटर. युरोपीय उघड्या डब्यावर तीच अक्षरे चिकटवली तर लांबी आणि बाजूच्या पट्ट्यांची मांडणीच चुकते.

सर्वांत घातक दावा आकड्यांचा आहे, कारण वाघिणीची सगळी ओळख तिथेच असते. अकरा अंकी क्रमांकातले पहिले दोन अंक प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष सांगतात; मग चार अंकांचा स्वतंत्र क्रमांक आणि शेवटी पडताळणीचा अंक येतो, तो आधीच्या दहा अंकांवरून काढतात. समजा, मॉडेलवर १००८१२४७३५८ असे छापले आहे. पहिल्या दहा अंकांतील सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज २२, तिची तिप्पट ६६, विषम स्थानांची बेरीज ९, एकूण ७५. पुढची दहाची पट ८०, म्हणून शेवटचा अंक ५ हवा होता, ८ नव्हे. शिवाय ‘१२’ म्हणजे २०१२ची बांधणी, तेव्हा १९९९ साली कोलाड-वेर्णा रो-रो (मालाने भरलेले ट्रक रेल्वेवरून नेणारी सेवा) सुरू झाली त्या काळाच्या देखाव्यात ही वाघीण उभी करता येत नाही. १०० मिलिमीटरचे अक्षर मॉडेलवर जेमतेम १.१५ मिलिमीटर उरते हे खरे, पण भिंगाखाली ते स्पष्ट वाचता येते आणि जाणकार ते वाचतातच.

राहिली धूळ. वाघीण कोकणात मुक्कामाला नसते. तिच्या अंगावर मुख्यतः तिने वाहिलेल्या मालाची, म्हणजे कोळशाची किंवा सिमेंटची, पूड बसलेली असते. दुरुस्तीनंतर तारीख नव्याने लिहिताना जुन्या, विटलेल्या रंगावर ताज्या रंगाचा चौकोन मारलेला अनेकदा दिसतो. सर्वत्र सारखी जांभ्याची पूड चोळली की नेमका हाच चौकोन झाकला जातो. त्यामुळे आधी प्रकार, क्रमांक आणि काळ ठरवावा, त्याच प्रकारच्या वाघिणीची बाजूने, ढगाळ उजेडात काढलेली छायाचित्रे जमवावीत आणि धुळीचा ब्रश शेवटी हाती घ्यावा.