भुरीचे सलाईन आणि ‘किती दिवस करणार?’ हा प्रश्न

आमच्या भुरी या मांजरीला मूत्रपिंडाचा जुनाट आजार आहे हे कळल्यापासून घरी येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, “हे सगळे किती दिवस करणार आहात?” विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. तरी त्यामागे असे गृहीत धरलेले असते की आजारपण ही एक मोहीम आहे आणि ती एकतर फत्ते करायची, नाहीतर सोडून द्यायची. या आजारात फत्ते होण्यासारखे काही नसते, कारण मूत्रपिंडाचा निकामी झालेला भाग पुन्हा कामाला लागत नाही. पण वेळेवर निदान झाले आणि नीट काळजी घेतली तर अनेक मांजरे त्यानंतर कित्येक महिने, काही तर काही वर्षे, खाऊनपिऊन मजेत राहतात. त्यामुळे किती दिवस करायचे हे रिपोर्टवरच्या आकड्याने किंवा आमच्या मायेने ठरू नये, तिचा दिवस कसा जातो यावर ठरावे, असे माझे ठाम मत आहे.

भुरी रस्त्यावरून आलेली असल्यामुळे तिचा पूर्वेतिहास आम्हाला ठाऊक नव्हता. दातांची अवस्था पाहून डॉक्टरांनी वयाचा अंदाज बांधला, तेवढाच. आजार लपवण्यात मांजराचा हात कोणी धरू शकत नाही, आणि या आजाराची तर रचनाच लपून राहण्याची आहे. मांजरीच्या एकेका मूत्रपिंडात सुमारे २ लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात, माणसाच्या मूत्रपिंडात साधारण १० लाख. पाळीव मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातली रानमांजरे होती. भक्ष्याच्या मांसातून मिळेल त्या पाण्यावर भागवायचे आणि लघवी अतिशय घट्ट करून तेही वाचवायचे, ही त्यांची रीत. ही लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते तेव्हा मूत्रपिंडाची जवळपास दोन तृतीयांश क्षमता गेलेली असते, आणि रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य) वाढलेले दिसेपर्यंत सुमारे तीन चतुर्थांश. म्हणून रिपोर्टच्या आधी घरातल्या साध्या गोष्टी बोलतात. पाण्याचे भांडे लवकर रिकामे होते, लिटर बॉक्समधले गोळे मोठे निघतात, आणि पाठीवरून हात फिरवताना पूर्वी न लागणारे मणके बोटांना लागतात. पाणी जास्त पितेय म्हणजे तब्येत चांगली आहे, असे समजून आनंदी होणारी माणसे मला अनेकदा भेटतात. प्रौढ मांजराच्या बाबतीत ती तपासणी करून घेण्याची खूण असते.

आकड्यांविषयी थोडे स्पष्टच लिहितो. पशुवैद्यक जगभर ‘आयरिस’ या मूत्रपिंडाच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेचे टप्पे वापरतात. मांजरासाठी क्रिएटिनिन (दर डेसिलिटर रक्तात मिलिग्रॅममध्ये) १.६ ते २.८ असले तर दुसरा टप्पा, २.९ ते ५ असले तर तिसरा आणि त्यापुढे चौथा. पण हा टप्पा मांजर स्थिर असताना, शरीरातले पाणी भरून काढल्यानंतर ठरवायचा असतो, आणि त्यासोबत लघवीतली प्रथिने व रक्तदाबही पाहायचा असतो. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंमधून येते, त्यामुळे हाडकुळ्या मांजराचा आकडा तिच्या खऱ्या स्थितीपेक्षा बरा दिसू शकतो. त्यासाठीच एसडीएमए ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ताची दुसरी तपासणी उपयोगी पडते. रक्तदाबाकडे तर फारच दुर्लक्ष होते. तो सतत १६०च्या वर राहिला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळे होऊ शकते, आणि ते टाळणारी गोळी साधी, रोज घ्यायची असते. केवळ क्रिएटिनिनचा आकडा सांगून “आता किती दिवस?” असे विचारणाऱ्यांना म्हणूनच मी उलट विचारतो, की मांजर काल काय जेवली?

कारण सगळे घोडे तिथेच अडते. मूत्रपिंडासाठीच्या खास खाद्यात फॉस्फरस कमी असतो आणि त्याने आजाराचा वेग मंदावतो, हे खरे आहे. परंतु न खाल्लेल्या खाद्याचा कोणालाही उपयोग नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते, आणि ते मूळ आजारापेक्षा लवकर जिवावर बेतू शकते. त्यातही मळमळ होत असताना नवे खाद्य पुढे केले तर मांजर त्या चवीचीच धास्ती घेते आणि पुढे बरे वाटू लागले तरी त्याला तोंड लावत नाही. म्हणून आधी मळमळ आटोक्यात आणायची, भूक परत आणायची, मग जुन्या खाद्यात नवे चमचाभर मिसळत जायचे. ते जमलेच नाही, तर आवडीचे ओले खाद्य आणि त्यात डॉक्टरांनी दिलेली फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड, हा मार्ग उरतोच. तत्त्वासाठी मांजरीला उपाशी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते बहुतेक फार प्रेमळ लोक असतात.

अंगातले पाणी भरून काढण्यासाठी द्यायच्या सलाईनचे नाव काढले की पाहुण्यांच्या अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात ते शिरेतून द्यायचे नसते, कातडीखाली द्यायचे असते. रिंगर लॅक्टेट या क्षारयुक्त द्रवाची पिशवी कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उष्णतेइतकी करायची, कारण गार द्रव आत गेला की भुरी शहारते. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली की तिचा छोटासा तंबू होतो. सुईचे तिरके तोंड वर ठेवून ती तंबूच्या पायथ्याशी, पाठीला समांतर सरकवायची. कातडी पार होताना बोटांना अगदी किंचित ‘टच्’ असे जाणवते. मग पिशवीवरच्या खुणांकडे पाहत बसायचे. कातडीखाली फुगवटा तयार होतो, कधी तो घसरत पुढच्या पायाकडे येतो, आणि भुरी एका बाजूला जड झालेल्या खांद्याने पाय झटकत, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जाते. किती द्यायचे आणि किती दिवसांनी द्यायचे हे डॉक्टरच ठरवतात. हृदयाचा त्रास असलेल्या मांजराला जास्त द्रव झाला तर छातीत पाणी साठते. आमचा स्वतःचा नियम एवढाच, की पलंगाखालून ओढून काढून, जेवताना किंवा लिटर बॉक्समध्ये गाठून तिला सुई द्यायची नाही. त्या जागा तिच्या आहेत.

घरगुती उपायांवर फार लिहीत नाही. माणसांची वेदनाशामके मांजराला परस्पर देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. ‘किडनी साफ करणारी’ सरबते नकोत. आणि घरात लिलीची फुले आणू नयेत, कारण त्यांचे परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकतात.

“रस्त्यावरच्या मांजरीसाठी एवढे?” हा दुसरा प्रश्न मला खरोखरच समजत नाही. तीच मांजर उंची जातीची असती, तर तो कोणी विचारला नसता. मात्र आमच्या बाजूच्या लोकांचेही चुकते. मांजर दत्तक देताना आजाराची माहिती दडवली जाते. भुरीसोबत पाणी जास्त पिण्याचा उल्लेख कोणी केला असता तर तिचे रक्त आम्ही पहिल्याच आठवड्यात तपासले असते. खरे सांगितले तर कोणी नेणार नाही, असा त्यामागचा हिशेब असतो. तो मला पटत नाही. आजार ठाऊक असून मांजर नेणारी माणसे कमी असतात, पण ती सलाईन शिकायच्या तयारीने येतात, आणि न सांगता दिलेले मांजर आजार बाहेर पडला की पुष्कळदा परत येते. सेवेचे प्रदर्शन मांडणाऱ्यांविषयीही माझे मत फारसे बरे नाही. सुई टोचलेल्या मांजरीचे फोटो पाहून कोणी सलाईन द्यायला शिकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मांजर गुरगुरते आहे म्हणजे ती सुखात आहे असे धरून चालता येत नाही, कारण दुखत असतानाही मांजरे गुरगुरतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यक ॲलिस व्हिलालोबोस यांनी जीवनमान मोजण्याची एक पद्धत मांडली आहे. तिच्यात वेदना, भूक, अंगातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा बाबींना गुण द्यायचे असतात. आम्ही तिच्यावरून भुरीपुरती यादी केली आहे. डबा उघडल्याच्या आवाजावर ती स्वतः उठून येते का, अंग चाटून स्वच्छ ठेवते का, खिडकीच्या कट्ट्यावर चढते का, आणि चढता येत नसेल तर ठेवलेल्या पायरीचा उपयोग करते का, हे वहीत रोज लिहिले जाते. यातले काही थांबले आणि औषध बदलूनही परत आले नाही, तर सलाईन बंद करून तिला शांतपणे निरोप द्यायचा, हे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे आणि घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यादीत बदल करायचा झाल्यास तो तिची तब्येत बरी असताना, डॉक्टरांना विचारून करायचा, वाईट दिवशी करायचा नाही, असेही आम्ही त्याच पानावर लिहून ठेवले आहे.