'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. 'पुट ऑफ' (पुढे ढकलणं) आणि 'कॉल ऑफ' (रद्द करणं) यांत फरक करणं म्हणजे नुसता कीस पाडणं, हा पहिला. आणि 'पुट ऑफ इट' म्हटलं तरी समोरच्याला कळतं, मग ते चूक का, हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत.

उमेदवाराला 'द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ टिल मंडे' असं कळवलं तर तो सोमवारी हजर होईल. 'कॉल्ड ऑफ' लिहिलंत तर मुलाखतच रद्द झाली असं समजून घरी बसेल. पुढे ढकलणं आणि रद्द करणं यांची गल्लत आपण मराठी नोटिशीत चालवून घेत नाही.

आता 'पुट ऑफ इट'. कळेल, पण खटकेल. कर्म नाम असेल तर 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतात. नाम लांबलचक असेल तर ते 'ऑफ'च्या पुढेच बरं. सर्वनाम मात्र मध्येच: 'पुट इट ऑफ'. इंग्रजी वाक्यात जोर सहसा शेवटाकडे पडतो, आणि 'इट' हा आधीच माहीत असलेल्या गोष्टीबद्दलचा बिनजोराचा शब्द. त्याला शेवटी बसवलं की वाक्य लंगडतं. पण म्हणून 'लुक हर आफ्टर' करू नका! तिथे 'आफ्टर' हलत नाही, 'लुक आफ्टर हर' हेच बरोबर. कुठलं क्रियापद कसं वागतं हे रूपावरून ओळखता येत नाही. विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी कोश उघडा: 'पुट समथिंग ऑफ', 'लुक आफ्टर समबडी' अशी कर्माची जागा नोंदीतच दाखवलेली असते.

खरी चूक बहुतेकांची 'पुट ऑफ'च्या पुढे दुसरं क्रियापद आलं की होते. 'आय पुट ऑफ टु गो' नव्हे, 'आय पुट ऑफ गोइंग'. भूतकाळातही 'पुट'च, 'पुटेड' असं रूप नाही.

'पुट ऑफ'ला 'ढकलणं' एवढाच अर्थ चिकटवला तर 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड' अडेल. इथे वासाने जेवणावरची वासना उडाली. 'ही कीप्स पुटिंग मी ऑफ' म्हणजे तो मला टोलवतोय. दिवा 'पुट ऑफ' करणं आपल्याकडे सर्रास चालतं. इंग्लंड-अमेरिकेत बहुधा 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' ऐकाल.