डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला?

पावसाने उघडीप दिली की नाशिकमध्ये सिडको-इंदिरानगरपासून पंचवटीपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: 'मुलाला डेंग्यू झाला तर पपईच्या पानांचा रस पाजा. प्लेटलेट एक लाखाखाली आल्या की चढवून घ्या. ताप उतरला की काळजी मिटली. डास गोदावरीतल्या पाणवेलींतून येतात.' पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण यातलं ताप उतरण्याचं वाक्य मुलाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी तेच.

डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, नाडी क्षीण होते. आणि अंग गार लागतंय म्हणून घरचे निर्धास्त होतात! हे २४ ते ४८ तास मुलावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शी, गार हातपाय, मलूल किंवा बेचैन मूल, सहा तासांत शू नाही. यातलं एकही दिसलं तर मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

प्लेटलेट बहुतेक मुलांत आपोआप वाढतात. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा बघून त्या सहसा चढवत नाहीत. प्लेटलेटच्या त्याच रिपोर्टवर पीसीव्ही असतो, म्हणजे रक्तात लाल पेशींचं प्रमाण किती, रक्त किती दाट, ते सांगणारा आकडा. प्लेटलेट झपाट्याने उतरताना तो चढत असेल तर पाणी झिरपतंय, आणि तिथे मोजूनमापून दिलेलं सलाईन जीव वाचवतं.

पपईच्या रसाने प्लेटलेट थोड्या वाढल्याचे काही अभ्यास आहेत. जीव वाचतो याचा पुरावा नाही. शिवाय तो कडू रस पिऊन मूल ओकलं, तर ती उलटी रसाची की धोक्याची हे आईला कसं कळणार? त्यापेक्षा ओआरएस, पेज, ताक घोटघोट द्या.

मेसेजमध्ये नसलेलं, पण फार महत्त्वाचं: तापाला फक्त पॅरासिटॅमॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, सहा तासांच्या अंतराने. घरातल्या बाटलीचं लेबल वाचा. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असेल तर देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

पाणवेली काढायलाच हव्यात. पण डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या पिंपात, कूलरमध्ये, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये वाढतो. दर आठवड्याला पिंप रिकामं करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, कारण काठाला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात.