पांढऱ्यावर लाल गोल

आमच्या बोर्डावरच्या यू-बूटचा, म्हणजे एसडी कार्डावरून बोर्ड उठवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड मी साफ केला, एवढाच माझा गुन्हा. यू-बूटला लिनक्स कर्नलचीच शिस्त: टॅब आठ घरांचा, ओळीच्या शेवटी स्पेस नको. आमच्याकडे कुठे टॅब, कुठे चार स्पेस आणि एका फाइलीत चक्क तीन. (हा तीनवाला मला एकदा भेटायचाय.) ही शिस्त तपासणारं चेकपॅच चालवलं तर तक्रारी संपेनात. दोन दिवस पुसत बसलो. मेकफाइलींना, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या मेकच्या सूचनांना, तेवढा हात लावला नाही. तिथे टॅबच्या जागी स्पेस आली की मेक 1976 पासून रुसतं.

मग क्वालिटीच्या मॅडम आल्या.

"बदल काय केलात?"

"काही नाही, मॅडम."

"मग एकोणीस फाइली कशा?"

"ओळींच्या शेवटी स्पेस होत्या, त्या काढल्या. दिसत नाहीत त्या."

"आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जोडा."

"दोन्ही सारखेच दिसतील हो."

"मग जिथे काढल्या तिथे लाल गोल करा."

केले. शपथेवर सांगतो, पांढऱ्यावर लाल गोल केले. मॅडमनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं.

"यात तर काहीच नाही."

"हो."

"आणि याला दोन दिवस लागले?"

आता काय बोलणार! म्हटलं, पुरावाच देतो. जुन्या आणि नव्या कोडची बायनरी, म्हणजे बोर्डावर चालणारी फाइल, बनवली आणि चेकसम, म्हणजे त्या फाइलीचा आकडी ठसा, काढला. जुळेना! घाम फुटला. मग डोक्यात प्रकाश पडला: सुरू होताना यू-बूट आपली बिल्डची, म्हणजे बनवल्याची, तारीख-वेळ छापतो, आणि ती बायनरीतच कोरलेली असते. दोन्हीकडे एकच वेळ बांधून दिली, तेव्हा जुळला. धावत सांगायला गेलो.

"म्हणजे पहिल्यांदा फेल झालं," मॅडम म्हणाल्या. "तेही नोंदवा."

नोंदवलं. रिपोर्टात आजही माझ्या नावापुढे एक फेल आहे.

ते एक वेळ सोसलं असतं. पण कुठली ओळ शेवटची कोणी बदलली ते सांगणारं गिट ब्लेम आता निम्म्या कोडावर माझंच नाव दाखवतं. स्पेसचे बदल वगळून ब्लेम बघता येतं, साधा एक पर्याय द्यायचा असतो. देतो कोण? काल रात्री अकरा वाजता फोन: "बोर्ड उठत नाहीये, ओळ तुझ्या नावावर आहे." जेवण टाकून लॅपटॉप उघडला. ती ओळ म्हणजे नुसता एक बंद महिरपी कंस. आणि बोर्डात एसडी कार्डच नव्हतं.