अंगठाबहाद्दर व्हा!

परदेशात मासळी पाठवणाऱ्या कंपनीत तुम्ही सेल्सचे साहेब झालात, त्याबद्दल अभिनंदन. तुमची केबिन मुंबईत, प्लांट रत्नागिरीत आणि गिऱ्हाईक स्पेनमध्ये. म्हणजे कुणाचाच हात तुमच्या कॉलरपर्यंत पोचायचा नाही. आता तुमच्या हाताखाली एक डॉक्युमेंटेशनवाली असेल. ती दिवसभर काय करते हे ठाऊक नसेल तर उत्तमच, माहीत करून घ्यायच्या फंदात पडू नका. 'दोन कागद तर टाईप करायचे असतात' एवढं ज्ञान निवृत्तीपर्यंत पुरतं. मी अकरा वर्षं तेच दोन कागद टाईप करते आहे. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बीएल (माल जहाजावर चढल्याचा जहाज कंपनीचा कागद), ओरिजिन सर्टिफिकेट, हेल्थ सर्टिफिकेट, कॅच सर्टिफिकेट, व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा दाखला), इन्शुरन्स. दोनच.

तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐका.

ऑर्डरचा तपशील एका मेलमध्ये कधीच देऊ नये. किंमत व्हॉट्सॲपवर द्यावी, पत्ता फोनवर सांगावा, आणि कार्टन किती ते जेवता जेवता व्हॉइस मेसेजमध्ये. घास गिळल्याचा आवाज आला की त्या जागी कोणता आकडा होता, हे आम्ही बरोबर ओळखतो.

एसआय, म्हणजे बीएलवर काय छापायचं ते जहाज कंपनीला कळवायचा कागद, त्याचा कट-ऑफ दुपारी दोनचा असेल तर बदल सव्वादोनला कळवा. युरोपला जाणाऱ्या कंटेनरची माहिती तो जहाजावर चढायच्या २४ तास आधी तिकडच्या कस्टम्सकडे गेलेली लागते, ती त्यांची हौस. तुम्ही फक्त म्हणायचं, "मॅडम, शिपिंग लाइनमध्ये तुमची ओळख आहे ना कुणाशी?"

वजन विचारलं तर एकच आकडा सांगा. नेट, ग्रॉस की ग्लेझिंगसकट (मासळीवरच्या बर्फाच्या थरासकट), ते आम्ही देवळात कौल लावून ठरवू.

माकूल (स्क्विड) कुठल्या होडीने धरलं, तिचा नोंदणी क्रमांक काय, कधी आणि कुठे धरलं, हे युरोपला २०१० पासून कॅच सर्टिफिकेटवर लेखी लागतं. तर होड्यांची यादी कंटेनर गेटबाहेर पडल्यावरच पाठवा. त्यातही एखाद्या ट्रॉलरपुढे जुलैची तारीख टाका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते हे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मांजरांनाही माहीत आहे, पण मांजरं सेल्समध्ये नसतात.

कंटेनरच्या सीलचा फोटो रात्री, पावसात, हलत्या हाताने काढलेलाच असावा. कंटेनर नंबरचं एक बरं असतं. चार अक्षरं, सात आकडे, आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरून गणिताने काढता येतो, त्यामुळे चुकला तर बहुतेक वेळा लगेच कळतं. सीलच्या नंबरला ती सोय नाही. तीन की आठ, हे आम्ही फोन डोळ्याशी नेऊन, लांब धरून, शेवटी प्लांटमधल्या दादांना झोपेतून उठवून विचारतो. दादा म्हणतात, "आठच असेल हो ताई." असेल.

मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.

आता मुख्य विद्या. बीएलचा ड्राफ्ट न उघडता पास करणे.

ड्राफ्ट येतो. चार पानं असतात. आम्ही नोटिफाय पार्टीचा (माल पोचल्याची खबर ज्याला द्यायची त्याचा) रकाना पिवळा करून खाली लिहिलेलं असतं, 'पत्ता एलसीशी ताडून बघा. एलसीला काही अमेंडमेंट आली आहे का?' (एलसी म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेची पैशांची लेखी हमी, कागद तिच्याशी जुळले तरच पैसे; अमेंडमेंट म्हणजे तिच्यातला बदल.) यावर सराईत साहेब अकराव्या सेकंदाला अंगठा पाठवतो. पिवळा, गुबगुबीत अंगठा. आमच्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ते सातबाऱ्याच्या कामाला अंगठा उठवायचे. पण त्याआधी तलाठ्याकडून कागद दोनदा वाचून घ्यायचे.

परवाच्या कंटेनरला असे तीन अंगठे मिळाले, तीन ड्राफ्टना तीन. दरम्यान गिऱ्हाइकाने ऑफिस हलवलं होतं, एलसीत नवा पत्ता आला होता, बँकेने ती अमेंडमेंट साहेबांना मेल केली होती आणि साहेबांनी ती नऊ दिवस उबवली होती. मी जुनाच पत्ता टाकला. जहाज गेलं. ओरिजिनल बीएलचा सेट आला, बँकेत लावला.

गौरीपूजनाचा दिवस. धाकट्या जावेचा पहिला ओवसा. दारात बायका सुपं घेऊन उभ्या, चुलीवर वडे, आणि माझ्या कमरेला खोचलेला फोन वाजतोय. बँक. पत्ता जुळत नाही, सेट परत न्या. मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "अहो, पत्त्याचं एवढं काय? स्पेलिंग मिस्टेक बँक चालवून घेते."

साहेब, चालवून घेते. बँकांच्या नियमावलीत तसं उदाहरणच दिलंय, 'मशीन'चं स्पेलिंग चुकलं तर हरकत नाही. त्याच परिच्छेदात पुढे असंही आहे की मॉडेल ३२१ च्या जागी १२३ पडलं तर चालणार नाही. आणि २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्वच्छ लिहिलंय की पत्ते इतर कागदांवर थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील, पण गिऱ्हाइकाचा पत्ता बीएलवर कन्साइनी (माल घेणारा) किंवा नोटिफाय म्हणून असेल तर तो एलसीत आहे तस्साच हवा. कलम १४, पोटकलम जे. मला पाठ आहे. तुम्हाला पाठ नसू दे, निदान मेल पुढे ढकलता येतो ना?

मी पावसहून स्कूटरने रत्नागिरी गाठली. भर पावसात, नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. तिन्ही ओरिजिनल बँकेतून घेऊन प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून ओळखीच्या बसड्रायव्हरच्या हातात दिले, कारण गणपतीत रेल्वेत पाय ठेवायला जागा नाही आणि करेक्शन करायला लाइनला अख्खा सेट परत लागतो. शिपमेंटनंतर २१ दिवसांत कागद बँकेत लागले पाहिजेत, त्यातले सोळा गेलेले. रात्री घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "काय गो, जहाज बुडालं काय तुझं?"

तीन दिवसांनी मीटिंग. साहेब म्हणाले, "डॉक्युमेंटेशनकडून ही चूक अपेक्षित नव्हती."

चूक! अकरा वर्षांत माझ्या हातून चुका झाल्यात, नाही म्हणत नाही. एकदा कार्टनच्या संख्येत एक शून्य जास्त पडलं होतं, मीच पकडलं, मीच निस्तरलं. पण ही माझी? तुम्ही अमेंडमेंट दाबून ठेवलीत. मी तीनदा विचारलं. तीनदा तुम्ही न वाचता अंगठा दिलात. आणि करेक्शनचे पैसे डॉक्युमेंटेशनच्या नावावर टाकायला लाज वाटली नाही?

बीएल ही रद्दीची पावती नाही. तो ओरिजिनल कागद ज्याच्या हातात, त्यालाच माल सोडवता येतो. आज कागद अडला तर उद्या उणे अठरावर गोठवलेला माकूल तिकडच्या बंदरात प्लग लावून पडून राहील, रोजचं भाडं चढेल, विजेचे पैसे वेगळे चढतील, आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागेल. तेव्हा तुम्ही म्हणाल, मार्केट खराब आहे. मार्केटला काही झालेलं नाही. तुम्ही वाचत नाही. पगार घेता, लॅपटॉप कंपनीचा वापरता, चार पानं वाचत नाही.

उद्या सकाळी पुढच्या कंटेनरचा ड्राफ्ट येतोय. डावीकडे वर शिपर, त्याखाली कन्साइनी, त्याखाली नोटिफाय. पिवळा केलेला असेल. फाइल उघडा, एलसी शेजारी ठेवा, बोट ठेवून वाचा. मग कुठला अंगठा पाठवायचा तो पाठवा.