घाबरत घाबरत मांस भाजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

कडकडीत तापलेल्या तव्यावर बीफचे इंचभर तुकडे टाकावेत, चार-पाच मिनिटांत बाहेरून तांबूस आणि आतून रसाळ झाले की काढावेत, व लसणाच्या डिपमध्ये बुडवून खावेत, असा एक पदार्थ हल्ली हौशी मंडळी घरी करू लागली आहेत. त्यात अवघड असे काहीच नाही आणि हीच त्याची मोठी उणीव आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या उंच इमारतीत, ज्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि ज्यांच्या डक्टमध्ये वरच्या सगळ्या मजल्यांची नाके उघडतात, अशा प्रतिष्ठित कुटुंबाने इतक्या सरळपणे काही भाजून खाणे शोभत नाही. हा पदार्थ पुरेशा भीतीनेच केला गेला पाहिजे. ती भीती कोणकोणत्या टप्प्यांवर, किती प्रमाणात आणि कशी घालावी, हे गरजूंच्या सोयीसाठी पुढे सांगितले आहे.

पहिली चिमूट खरेदीच्या वेळीच घालावी. वास्तविक महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी आहे. बैल आणि वळू यांना त्या बंदीत आणणारे विधेयक विधिमंडळाने १९९५ साली मंजूर केले, त्यानंतर ते वीस वर्षे मंद आचेवर राहिले आणि २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळून लागू झाले. म्हशी-रेड्यांना मात्र ही बंदी लागू नाही, आणि परवानाधारक दुकानात बीफ म्हणून जे मिळते ते त्यांचेच मांस असते. अर्थात राबोडीत किंवा मुंब्र्यात परवान्याच्या दुकानातून ते विकत घेऊन पावती मागणाऱ्या माणसाला घाबरण्याचे काही कारण उरत नाही, म्हणून पावती मुळीच मागू नये. दुकानदाराशी कुजबुजत बोलावे, म्हणजे आपण काहीतरी बेकायदा करीत आहोत अशी त्याचीही खात्री पटेल. तो चांगला माणूस असेल तर ‘तव्यावर झटपट करायचे असेल तर अंडरकट घ्या’ असे सांगेल. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूचा हा स्नायू जनावर फारसा वापरत नाही, त्यामुळे तो मऊ असतो. पण अंडरकट महाग पडतो आणि कुजबुजीत भाव करता येत नाही, तेव्हा ‘काहीही द्या, लवकर द्या’ म्हणावे. तो मग मांडीचे, भरपूर काम केलेले, दोन तास शिजवण्याच्या लायकीचे मांस देईल. चार मिनिटांच्या पदार्थासाठी याहून चांगली सुरुवात नाही.

मांस एका काळ्या पिशवीत, ती दुसऱ्या काळ्या पिशवीत आणि ती दोन्ही साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घालून न्यावीत. बर्फाचा डबा बरोबर नेऊ नये, कारण डबा पाहून लोक आत काय आहे असे विचारतात. मे महिन्यातली दुपार आणि माजिवड्याच्या नाक्यावर तुंबलेली वाहतूक यांच्यामुळे मांसावर जो काही परिणाम होईल तो होऊ द्यावा. लिफ्टमध्ये कुणी भेटलेच तर पिशवीकडे स्वतः होऊन पाहत राहावे. समोरच्याचे लक्ष आपोआप तिथे जाते.

घरी आल्यावर मांस धुवावे, एकदा नव्हे तर पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. धुण्याने जंतू जात नाहीत, उलट सिंकभर आणि ओट्यावर उडतात, आणि ते मरतात केवळ आचेने, हे खरे; परंतु शेजाऱ्यांच्या मनातले जे काही आहे ते धुऊन काढण्याचा आपल्याजवळ हा एकच मार्ग आहे. धुतलेले तुकडे फडक्याने किंवा कागदी रुमालाने टिपून कोरडे करण्याचा मोह आवरावा. ओल्या पृष्ठभागावरचे पाणी जोवर उडून जात नाही तोवर तो पृष्ठभाग १०० अंश सेल्सियसच्या फारसा वर चढत नाही. ज्या रासायनिक क्रियेने मांसाला तांबूस रंग आणि खमंग वास येतो, जी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी १९१२ साली वर्णन केली, ती साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. म्हणजे ओले मांस हा वासाविरुद्धचा खात्रीचा विमा आहे, आणि वास येऊ नये हाच तर आपल्या पाककलेचा पाया आहे.

विमा आणखी पक्का करायचा असल्यास तुकड्यांना वाटीभर आले-लसणाचे वाटण, दोन चमचे दही आणि हळद चोळावी. मटणाच्या रश्शात हे सगळे उत्तम लागते, पण तापलेल्या तव्यावर वाटण आधी जळते, दही फुटून पाणी सोडते आणि मांस त्या दोघांच्या मधोमध कच्चे राहते. नुसते मीठ आणि मिरी लावून भागवणारी माणसे असतात. मीठ एकतर भाजण्याच्या अगदी आधी लावावे किंवा पाऊण तास आधी लावून सुटलेले पाणी परत आत मुरू द्यावे, एवढाच बारकावा ते पाळतात. त्यांच्या घरी वाटणाचा मिक्सर बहुधा बिघडलेला असावा.

मांडीचे मांस वातड होणार, ही भीती एव्हाना मनात आलीच असेल, तर कच्च्या पपईचा उपयोग करावा. पपईच्या चिकातले पपेन हे विकर (एन्झाइम) मांसातली प्रथिने तोडते. जाणते लोक चमचाभर कीस लावून अर्ध्या तासात काम उरकतात. आपण मात्र अर्धी पपई किसून घालावी आणि रात्रभर ठेवावी. सकाळी तुकड्यांचा बाहेरचा भाग लगदा झालेला असतो आणि आतला तसाच वातड राहिलेला असतो, म्हणजे एकाच घासात दोन्ही अनुभव मिळतात.

आता तव्याकडे वळू. कोकणातून आलेल्या बहुतेक घरांत घावन-आंबोळ्यांसाठी ठेवलेला बिडाचा तवा माळ्यावर असतो. तो जड असतो, उष्णता धरून ठेवतो, आणि गार मांस पडले तरी चटकन निवत नाही. या सर्व कारणांसाठी तो माळ्यावरच राहू द्यावा. दिवाळीत भेट आलेला पातळ नॉनस्टिक पॅन घ्यावा. त्याचे आवरण साधारण २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागते आणि निघणारा धूर पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा जीव घेऊ शकतो, म्हणून तो जोरात तापवता येत नाही. आपल्याला तेच हवे आहे. शेजारी लव्हबर्ड पाळत असतील तर मंद आचेचे आणखी एक भूतदयापूर्ण समर्थन हाताशी राहील. त्यात तेलाऐवजी सुरुवातीलाच लोणी घालावे. लोण्यातला दुधाचा अंश तेलाच्या कितीतरी आधी करपतो, त्यामुळे मांस पांढरट आणि लोणी काळे, असा सुंदर विरोधाभास साधता येतो. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे रिफाइंड तेल वापरून, ठेचलेला लसूण आणि लोणी शेवटच्या अर्ध्या मिनिटात घालणारे लोक केवळ चवीचा विचार करतात.

यानंतर या लेखाचा मुख्य विषय येतो, तो म्हणजे आच आणि खिडकी. खिडकी बंद करावी, कारण उघडी ठेवली तर वास डक्टमधून वर जाईल. पंखाही बंद करावा, कारण तो तोच वास वेगाने वर पोहोचवील. शोभेची चिमणी असेल, जिला बाहेर जाणारी नळी नाही आणि जी धूर गाळून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडते, तर ती खुशाल चालू ठेवावी. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल लावावा. एवढे झाल्यावर साहजिकच धुराची भीती वाटू लागते, म्हणून गॅस बारीक करावा. बारीक आचेवर अर्धा किलो मांस एकदमच पॅनमध्ये ओतावे, म्हणजे काम लवकर संपेल आणि वास कमी वेळ येईल. पॅनचे तापमान तत्काळ कोसळते, तुकडे एकमेकांना खेटून पाणी सोडू लागतात, आणि पाहता पाहता भाजण्याचे उकडण्यात रूपांतर होते. वर झाकण ठेवले की ती क्रिया पूर्णत्वाला जाते. मटण अंगच्या पाण्यात शिजवण्याची आपली परंपरा मोठी आहे, फक्त त्या परंपरेने चार मिनिटांत हात धुतलेले नसतात. काही वेळाने झाकण काढले की पॅनमध्ये करडे पाणी, त्यात तरंगणारा फेस आणि शाळेतल्या खोडरबराच्या रंगाचे व लवचिकपणाचे तुकडे दिसतात. वास मात्र अर्धा तास कोंडून पडद्यांत मुरलेला असतो आणि दार उघडल्याबरोबर जिन्यात जातो.

याच्या अगदी उलट कारभार प्रस्तुत लेखकाने तलावपाळीजवळच्या, सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चच्या परिसरातल्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, घरात पाहिला आहे, आणि तो केवळ टाळण्याच्या उदाहरणादाखल येथे देत आहे. त्या घरच्या आजींनी खिडक्या सताड उघडल्या, बिडाचा तवा मोठ्या आचेवर ठेवला आणि ओल्या बोटांनी त्यावर पाण्याचा थेंब उडवला. थेंब पसरून सुकला तेव्हा त्या थांबल्या; थोड्या वेळाने दुसरा थेंब गोळी होऊन तव्यावर धावू लागला, तेव्हा त्यांनी तेल सोडले आणि धाग्याला आडवे कापलेले, पुसून खडखडीत केलेले सहा तुकडे, मध्ये बोटभर अंतर ठेवून मांडले. अर्धा किलो मांस समोर असताना सहाच! तुकडा खालून तांबूस होईपर्यंत त्यांनी त्याला हात लावला नाही. तो तव्याला चिकटला आहे असे मला वाटत होते, पण रंग धरल्यावर तो आपणहून सुटला. चिमट्याने बाजू बदलत त्यांनी सगळे चार मिनिटांत आवरले, वरून चिमूटभर बॉटल मसाला, म्हणजे त्यांच्या समाजाचा खास मिश्र मसाला, टाकला आणि पुढचे सहा मांडले. धूर झाला, तो मिनिटभरात खिडकीबाहेर गेला आणि वासही त्याच्या पाठोपाठ गेला. एवढ्या वेळात त्यांनी कुणापासून काही लपवले नाही, त्यामुळे त्यांना शेजाऱ्यांच्या नजरा चुकवण्याचा सरावच नसावा.

भाजून झाले आहे की नाही, हे ठरवतानाही धैर्य दाखवू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मते बीफच्या अखंड तुकड्याच्या गाभ्यात ६३ अंश तापमान आणि त्यानंतर तीन मिनिटांचा विसावा पुरेसा आहे. खिम्याला मात्र ७१ अंश लागतात, कारण खिमा करताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. तापमापक स्वस्तात मिळतो, पण त्याने शंका फिटते. आपण तुकडा कापून पाहावा, आत गुलाबी दिसला की दचकावे, परत टाकावा, पुन्हा कापावा. सत्तर अंशांच्या आसपास स्नायूंचे धागे घट्ट आवळले जातात आणि उरलेला रस पिळून बाहेर टाकतात. म्हशीच्या मांसात चरबी मुळातच कमी, त्यामुळे ते अधिकच तत्परतेने कोरडे पडते. याला कुणी हरकत घेतली तर ‘आधी भाजल्यामुळे रस आत कोंडला गेला आहे’ असे ठामपणे सांगावे. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर रूढ झालेली ही समजूत प्रयोगांनी केव्हाच खोटी ठरली आहे, पण ती ऐकायला अजूनही विद्वत्तापूर्ण वाटते.

डिपविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण त्यात घाबरण्याजोगे काही नाही आणि म्हणून तो हमखास चांगला होतो. दही फडक्यात टांगून चक्का काढावा, ठेचलेली लसणाची पाकळी, मीठ आणि फेसलेली मोहरी घालावी. मोहरी थंड पाण्यातच फेसावी. गरम पाण्याने तिच्यातले विकर निकामी होते आणि झणका चढत नाही. पाहुणे डिपची स्तुती करू लागतील, तो पावाला लावून खातील, आणि मांसाच्या ताटलीवरून हात फिरवून काकडी उचलतील. ‘डिप अप्रतिम झालंय हो’ हे वाक्य दुसऱ्यांदा कानावर आले की उरलेले तुकडे गोळा करून स्वयंपाकघरात परत न्यावेत.

त्यांची विल्हेवाट कुकरमध्ये लावावी. मांडीचे मांस असेल तर त्यातली चिवट ऊती दमट उष्णतेत हळूहळू विरघळून मऊ होते, आणि तेवढ्यापुरता आपला दिवस सत्कारणी लागतो. चुकून अंडरकट आणला गेला असेल तर त्यात विरघळण्यासारखे फारसे काही नसल्याने त्याचा नुसता भुसा होतो. दोन्ही परिस्थितींत सहा शिट्ट्या कराव्यात. डक्टमधून शिट्ट्यांचा आवाज थेट वर जातो, आणि या इमारतीत सहा शिट्ट्या म्हणजे राजमा, हे सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी वरच्या काकूंनी लिफ्टमध्ये ‘आज राजमा वाटतं?’ असे विचारल्यास बिनदिक्कत होकार द्यावा; फक्त सवयीने ‘पाठवते हं वाटीभर’ असे बोलून जाऊ नये.