काचेची नळी आणि २० मिनिटं

गोव्यातल्या लहान रुग्णालयांतली कॅज्युअल्टी म्हणजे ‘बांबोळीला पाठवायचं टपालघर’, म्हणजे पेशंट नुसता बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे पुढे धाडणारी जागा, असं एका लेखात म्हटलंय. तसं नसतं; सत्तरी तालुक्यात सहा वर्षं रात्रपाळ्या केल्यात, म्हणून लिहितो. काजूचा हंगाम आला की बोंडू (काजूची फळं) वेचताना पाचोळ्यात हात घातला आणि काहीतरी चावलं, असे लोक येतात. साप कुणी पाहिलेला नसतो. मग कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, नंतर नळी तिरपी करून बघायचं. गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं धरून चालायचं (त्यांच्या विषाने रक्त गोठत नाही) आणि प्रतिविषाच्या १० कुप्या तिथेच सुरू करायच्या. १०८ची गाडी त्यानंतर. मण्यार मात्र या नळीत सापडत नाही (नागही नाही), त्यांचं विष मज्जातंतूंवर जातं, म्हणून तिथे पापण्या जड होतायत का ते बघत बसावं लागतं. ते काम आमची सिस्टर माझ्याआधी करते. पेशंट बहुधा तिच्याच वाड्यावरचा, त्यामुळे “वयर पळय रे” (वर बघ रे) म्हटलं की निमूट ऐकतो.

तोटाही त्यातच आहे. कुणी गेलं तर सांगायचं ओळखीच्या घरी, आणि सकाळचा चहा त्यांच्याच गाड्यावर.